दाजींचा झरा

सव्वा वर्ष दर गुरुवारी थेंबेकाका आक्काच्या विहिरीत दोर सोडत होते.

दोराच्या टोकाला नळाचा एक जुना पितळी तुकडा बांधलेला होता, वजनासाठी. दोराला हाताहातावर गाठी होत्या. तुकडा तळाला टेकला की दोर सैल पडायचा. मग तो वर ओढायचा आणि ओल्या गाठी मोजायच्या. पहिल्या गुरुवारी अकरा निघाल्या होत्या.

आक्का कधी विचारायची नाही, किती. ती वाफ्यात बसून तण काढत असायची. काकाही सांगायचे नाहीत. दोर गुंडाळून खांद्यावर टाकायचे, पडवीत बसून चहा घ्यायचे आणि कामाला निघून जायचे.

आक्का त्यांची थोरली बहीण. सहा वर्षांनी मोठी.

काका पाटकरी. नदीवरच्या छोट्या बंधाऱ्यातून एक पाट निघतो, टेकडीच्या कडेकडेने सात किलोमीटर जातो आणि एकशेबारा शेतांना पाणी देतो. शेतं कसली, तुकडेच. कुणाचा अर्धा एकर, कुणाचा दीड. दोन एकरवाल्याला तिथे जमीनदार म्हणून चिडवतात. कुणाला कधी आणि किती वेळ पाणी मिळणार, हे शेतकऱ्यांची संस्था ठरवते. दर नऊ दिवसांनी एकेकाची पाळी येते. कागदावरचं ते पाणी खरोखर शेतात नेऊन घालणारा माणूस म्हणजे पाटकरी. आधी काकांचे वडील होते. मग काका. खांद्यावर फावडं, खिशात घड्याळ, आणि दिवसाला दोनदा पाटाची फेरी.

थेंबे हे त्यांचं आडनाव नव्हे. तरुणपणी कुणी पाटात हात धुतले तरी ते ओरडायचे, "थेंब न् थेंब मोजलेला आहे." लोकांनी थेंब्या नाव ठेवलं. केस पांढरे झाले तसा थेंब्याचा थेंबेकाका झाला. एकदा तर टपालाने संस्थेचं छापील पत्र आलं, त्यावरही 'श्री. थेंबे' असंच होतं. काकूंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे आता मी सौभाग्यवती थेंबे," त्या म्हणाल्या. "बरंय. तुमच्या खऱ्या आडनावाला असं काय सोनं लागलं होतं."

पाट मातीचा होता. गळायचा. खेकडे बिळं करायचे, झाडांची मुळं भराव पोखरायची. गळती शोधायची काकांची एक रीत होती. खिशात गव्हाचा कोंडा ठेवायचे. संशय आला की चिमूटभर पाण्यावर टाकायचे आणि उकिडवे बसायचे. कोंडा सरळ वाहत गेला तर ठीक. कडेला ओढला गेला, जागच्या जागी फिरला, तर तिथे भोक. मग चिकणमाती, गवताचा बोळा, वर फावड्याचे दोन तडाखे. पाट गळतोय असं कुणी म्हटलं की काकांना चारचौघांत पँट फाटल्यासारखं व्हायचं. त्रेपन्न गळत्या त्यांना तोंडपाठ होत्या. बऱ्याच जणींना नावंही दिलेली. एकीचं नाव सासू, कारण कितीही बुजवली तरी तिचं समाधान व्हायचं नाही.

एक मात्र ते कधी बुजवत नव्हते. तिसऱ्या किलोमीटरला, वळणावरच्या मोठ्या दगडाखाली.

अठरा वर्षांचे असताना ते तिथे चिखलाचा गोळा घेऊन उतरले होते. वरून वडील म्हणाले, "राहू दे ती."

"का?"

"राहू दे म्हटलं ना."

वडील जास्त बोलायचे नाहीत. वळणाच्या खाली उतारावर दीड एकराचा एक दगडाळ तुकडा होता. त्याच्या दोन वर्षं आधी आक्काचं लग्न होऊन ती त्या तुकड्यावर नांदायला आली होती.

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. उंच, बोलके, जरा बढाईखोर. संस्था झाली तेव्हा त्यांचा तुकडा पडीक म्हणून यादीत आलाच नाही, त्यामुळे पाटाच्या पाण्यावर त्यांचा हक्क नव्हता. दाजींनी विहीर खणायला घेतली. लोक हसले. दाजींनी दोन उन्हाळे पहार चालवली. वीस हातांवर दगड फुटला आणि पाणी आलं. गोड, गार, बाराही महिने. "झरा लागला," दाजी म्हणाले, आणि पुढची तीस वर्षं म्हणत राहिले. पाहुणा आला की त्याला आधी विहीर दाखवायचे, मग बसायला सांगायचे.

त्या पाण्यावर आक्काने रोपांची वाडी उभी केली. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, वांगी. बी टाकायचं, महिनाभर सांभाळायचं आणि रोपं विकायची. पाटावरच्या निम्म्या शेतांत तिचीच रोपं जायची. रोपांना पाणी थोडं लागतं, पण रोज लागतं. सकाळी झारीने एकदा, ऊन कडक असेल तर दुपारनंतर परत. नऊ दिवसांनी येणारं पाणी रोपांच्या कामाचं नाही. नऊ दिवसांत ती वाळून जातात. म्हणून पाटावर शंभरच्या वर शेतं असूनही रोपवाटिका एकच होती. विहिरीवरची.

एका कोरड्या वर्षी संस्थेच्या सभेत विषय निघाला. पाटाला पाणी कमी, लोक चिडलेले. कुणीतरी म्हणालं, "वरती आमची पिकं करपतात आणि खाली ह्यांची विहीर तुडुंब. आमच्याच पाटावर जगते ती."

दाजी उठले. "झरा माझा आहे. मी फोडलाय तो."

हशा झाला. दाजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी सभेत नजर फिरवली आणि ती काकांवर येऊन थांबली. "ह्याला विचारा. पाट ह्याचा आहे. तू सांग रे. गळतो का तुझा पाट तिथे?"

सत्तरएक माणसं काकांकडे बघत होती. काकांना दगडाखालची ती जागा दिसत होती.

"माझा पाट तिथे गळत नाही," ते म्हणाले.

थेंब्या म्हणतो गळत नाही म्हणजे गळत नाही. विषय मिटला. सेक्रेटरीने वहीत लिहून घेतलं, सदर विहिरीस स्वतःचा झरा असल्याची पाटकऱ्याने खात्री दिली. परत येताना दाजींनी काकांच्या खांद्यावर हात टाकला होता. त्या दिवसानंतर काकांनी त्या वळणावर कोंडा टाकला नाही.

दाजी गेले त्याला आता सहा वर्षं होतील.

तीन वर्षांपूर्वी इंजिनिअर मॅडम आल्या. पाटाला काँक्रीटचं अस्तर करायची योजना होती. वयाने लहान, पायांत रबरी बूट, उन्हाने नाक सोललेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी संस्थेच्या खोलीत विचारलं, "हा पाट सगळ्यात जास्त कुणाला माहीत आहे?" सगळ्यांनी काकांकडे बोट केलं.

आठ दिवस दोघं पाटावर फिरले. मॅडमकडे पत्र्याच्या पाट्या होत्या, मधोमध खाच पाडलेल्या. पाटात पाटी आडवी बसवायची आणि खाचेतून किती पाणी जातं ते पट्टीवर वाचायचं. वर एक, खाली एक. दोहोंतला फरक म्हणजे मधे गळालेलं पाणी. काकांनी त्यांना कोंडा दाखवला. मॅडम उकिडव्या बसल्या, कोंडा फिरताना बघत राहिल्या. "काका, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. काकांनी घरी येऊन ते काकूंना सांगितलं. जेवताना परत सांगितलं.

"त्यांच्या वहीत गेलात म्हणजे आता पेन्शन चालू होईल," काकू म्हणाल्या.

टेप धरायला सोबत एकशेबारा असायचा. पाटावरचं शेवटचं शेत त्याचं, एकशेबारा नंबरचं. नाव सगळे विसरले होते. तिशीचा, दोन मुलींचा बाप. पाणी वरच्यांना पुरायचं आणि त्याच्यापर्यंत येताना मातीत मुरायचं. पाळी त्याची असायची, पाणी नसायचं. नऊ वर्षांत चार वेळा त्याच्या बांधापर्यंत पोचलं होतं. त्या चार तारखा तो सांगायचा, लोक मुलांचे वाढदिवस सांगतात तशा.

मॅडमनी दोघांना हिशोब समजावून सांगितला. खर्च करणाऱ्यांना जेवढं घातलं त्याच्या दीडपट परत आलेलं दिसायला हवं. त्यासाठी पाटाची गळती शंभरात निदान तीस निघायला हवी. कमी निघाली तर फाईल वर जाणार नाही.

"आणि एक गोष्ट बघावी लागते," त्या म्हणाल्या. "गळलेलं सगळं पाणी वाया जात नाही. कधी खाली कुणाच्या विहिरीला मिळतं. मग ते वजा करायचं. कारण अस्तर केल्यावर ते पाणी वाचलेलं नसतं, काका. एकाचं काढून दुसऱ्याला दिलेलं असतं."

"असं कुणी बोलत नाही," एकशेबारा म्हणाला.

"कागदावर तसा रकानाच आहे. फक्त तो भरत नाही कुणी."

सहाव्या दिवशी ते तिसऱ्या किलोमीटरच्या वळणावर आले. मॅडमनी वरची पाटी वाचली, खालची वाचली. परत वाचली. "काका, सबंध पाटावर सगळ्यात जास्त इथेच जातंय. तुम्ही ही दाखवली नाहीत मला."

काका पाण्याकडे बघत होते.

"कुठे जातं हे?"

"दगडात," काका म्हणाले. "वाया."

मॅडमनी खाली बघितलं. खाली आक्काच्या वाफ्यांचे हिरवे पट्टे दिसत होते आणि आक्का झारी घेऊन त्यांतून चालत होती. "त्या विहिरीला नसेल ना मिळत?"

काका आजवर एकच खोटं बोलले होते. ते संस्थेच्या वहीत शाईने लिहिलेलं होतं. आता खरं सांगायचं तर दाजी खोटे ठरणार होते, मेल्यावर. आक्का तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाण्यावर जगली असं ठरणार होतं. शिवाय समोर एकशेबारा टेपचं टोक धरून उभा होता. तो श्वास रोखून मॅडमच्या वहीकडे बघत होता. आणि आणखी एक होतं, ते काकांनी फार पुढे कबूल केलं. इतकी वर्षं दाजींकडून झरा, झरा ऐकून त्यांनाही तो थोडाथोडा खरा वाटायला लागला होता.

"त्या विहिरीला स्वतःचा झरा आहे," ते म्हणाले. "संस्थेच्या दप्तरात तशी नोंद आहे."

मॅडमनी दप्तर पाहिलं. नोंद होती. रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. गळती शंभरात चौतीस निघाली. फाईल वर गेली.

काम दीड वर्षाने सुरू झालं. प्रत्येक सभासदाने दहा दिवस अंगमेहनत द्यायची होती. वळणावर काम आलं तेव्हा आक्का रोज दोन वेळा किटली भरून चहा वर घेऊन यायची, सभासद नसताना. "माझ्या डोक्यावर पाट गुळगुळीत होतोय," ती म्हणायची. "मला आरशासारखा करून द्या." दगडाखालच्या भोकात सिमेंटचा गोळा काकांनी स्वतः भरला. दुसऱ्या कुणाला उतरू दिलं नाही. भोक त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच खोल होतं. चार घमेली माल गेला.

अस्तरावर पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी एकशेबारा पाण्याच्या पुढेपुढे चालत आला. पाणी चालेल तितक्याच वेगाने. मधे कुणी हाक मारली तरी थांबला नाही. संध्याकाळी पाणी त्याच्या बांधाला लागलं तेव्हा तो बाजूला सरला, पाहुण्याला आत येऊ द्यावं तसा. काका फावड्यावर रेलून बघत होते. आयुष्यात आपण केलेलं हे सगळ्यात चांगलं काम, असं त्यांना त्या वेळी वाटलं. ते खोटंही नव्हतं. त्या वर्षी शेवटच्या वीस शेतांत दुसरं पीक उभं राहिलं. त्यांतल्या दोघांनी शहरातली मजुरी सोडली आणि घरी परत आले.

अस्तरावर पाणी सोडल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी काकांनी घरातला दोर काढला आणि त्याला गाठी मारल्या. काकूंनी विचारलं, "हे कशाला?"

"असंच."

काकूंनी गाठी बघितल्या, काकांचं तोंड बघितलं आणि पुढे विचारलं नाही.

अकरा. महिन्याने नऊ. पावसाळ्यात पुन्हा दहा झाल्या तेव्हा काकांनी चहा दोन कप घेतला. मग आठ. सहा. आक्काने आधी फ्लॉवर बंद केला, त्याला पाणी जास्त लागतं. मग वांगी. वाफे पुढून मागे एकेक कोरडे पडत गेले. गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, "ह्या वर्षी बी चांगलं मिळालं नाही."

काका म्हणायचे, "झरा जरा मंदावलाय. होतं असं."

आक्का म्हणायची, "होतं."

दोर चारवर आला तेव्हा काका अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष त्यांच्याच वयाचे, शाळेत एका बाकावर बसलेले. संस्थेची खोली लहान, एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. काका बसले नाहीत. उभ्यानेच सांगून टाकलं. दगडाखालची गळती, वडील, सभेतला शब्द, मॅडमना दिलेलं उत्तर. त्यांना वाटलं होतं अध्यक्ष चिडतील. त्यांनी त्याची तयारीही केली होती.

"बस आधी," अध्यक्ष म्हणाले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुझ्या बापाच्या वेळेपासून. पोरीच्या शेतावर गळती सोडली होती त्याने, कुणाला माहीत नव्हतं? कडक माणूस. सबंध पाटावर त्याने एवढीच एक सूट घेतली. लोकांनी घेऊ दिली."

"मग सभेत हसलात कशाला?"

"तुझ्या दाजीच्या बढाईला हसलो. पाण्याला नाही."

काका बसले.

"मॅडम मोजायला आल्या तेव्हा तरी बोलायचंस," ते म्हणाले.

"मला वाटलं तू सांगितलं असशील. तुझी बहीण." अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नंतर कागद बघितला तर शून्य. म्हटलं, पाटकरी म्हणतो गळत नाही, तर आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं गळतो? कदाचित खरंच लागला असेल झरा."

त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम आता दुसऱ्या पाटावर होत्या. काकांनी परत सगळं सांगितलं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "त्यांना रोज लागणारं पाणी फार थोडं आहे. तेव्हा सांगितलं असतं तर चौतीसचे तेहतीस झाले असते. फाईल तरीही गेली असती. मी तिथे बोटभर जाडीची नळी काढून दिली असती. नकाशात एक रेघ."

काकांनी फोन अध्यक्षांकडे दिला.

नळी आताही बसवता येणार होती. वळणावर पाट रोज वाहता असतो, म्हणजे आक्काला रोज पाणी मिळालं असतं. सभासदही नाही म्हणणार नव्हते. निम्म्यांना तिची रोपं हवी होती. पण योजनेच्या करारात होतं की अस्तर झाल्यावर पाटाला नवीन तोंड फोडायचं नाही. फोडायचं झालं तर जुना वापर सिद्ध करावा लागेल, आणि तोही जमिनीच्या मालकाच्या सहीने. नाहीतर उद्या दहा जण नळ्या मागतील. मॅडमनी मजकूर सांगितला, अध्यक्षांनी टाईप करून घेतला. चार ओळी. माझ्या मालकीची विहीर प्रथमपासून पाटाच्या पाझरावर चालत असून तिला स्वतंत्र झरा नाही. खाली सहीची जागा.

काका कागद घेऊन गेले तेव्हा आक्का पडवीत ट्रेमधली रोपं निवडत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. मग घडी घालून कागद मांडीवर ठेवला.

"ह्यात काय लिहिलंय, तू वाचलंस?"

"वाचलं."

"ह्यांनी सत्तर माणसांत सांगितलं होतं, झरा माझा आहे."

"आक्का, मला माफ कर. मी तेव्हा…"

"तुझं नाही विचारत मी."

"दाजी आता नाहीत, आक्का."

"म्हणूनच." तिने एक पिवळं पडलेलं रोप उपटून बाजूला टाकलं. "असते तर हसून सही केली असती. म्हणाले असते, घ्या, पकडलं मला. चार दिवस तोंड लपवलं असतं आणि पाचव्या दिवशी नळीची बढाई सुरू. ते स्वतः करायचे असते. त्यांच्या मागे मी कशी करू?"

काकांनी ते पिवळं रोप उचलून ट्रेच्या कडेला ठेवलं. मग म्हणाले, "त्यांना माहीत होतं?"

"दर वर्षी पाट सफाईला दहा दिवस बंद असायचा ना? विहिरीचं पाणी खाली जायचं. ते दहा दिवस हे विहिरीकडे फिरकायचे नाहीत. कंबर धरली म्हणायचे, पडून राहायचे. दर वर्षी. नेमकी त्याच दहा दिवसांत कंबर." ती हसली. "मी तेल चोळायची. विचारलं नाही कधी. दोन उन्हाळे दगड फोडला होता माणसाने."

"मग तुला…"

"मला पहिल्या वर्षापासून. बाबा रोज संध्याकाळी वरून जाताना वळणावर थांबायचे. खाली बघायचे आणि पुढे जायचे. एवढ्यावर कळतं की."

सगळ्यांना माहीत होतं. दाजींना, आक्काला, अध्यक्षांना, वडिलांना. प्रत्येकजण दुसऱ्याकरता गप्प होता. आणि ज्या एकट्या मॅडमनी विचारलं, त्यांना काकांनी वहीतली नोंद दाखवली होती.

"मी लिहून देतो," ते म्हणाले. "मी खोटं बोललो म्हणून. माझ्या सहीने. तू नको करूस."

"तू खोटा ठरलास की झराही खोटा. एकच ते." तिने कागद परत दिला. "आणि तुझी सही चालत नाही म्हणतात ना ह्यात."

"रोपांचं काय मग?"

"संपतील तेवढी संपतील. माझं वय झालंय आता. गुडघे म्हणत होतेच." ती उठली. "चहा ठेवते."

त्यानंतर काका दोनदा कागद घेऊन गेले. दुसऱ्यांदा तिने चष्माही लावला नाही.

गेल्या गुरुवारी दोर ओढला तर दोन गाठी ओल्या होत्या. काका तो गुंडाळत असताना एकशेबारा आला. सायकलला मागेपुढे क्रेट बांधलेले. अंगात नवा शर्ट.

"आक्का, टोमॅटो. दोन हजार हवीत."

"दोन हजार?" आक्का म्हणाली. "जमीनदार झालास की."

"यंदा दोन्ही तुकड्यांत लावतोय. बापाने कधी लावला नव्हता टोमॅटो. पाण्याचा भरवसाच नव्हता ना."

"माझ्याकडे बाराशे निघतील."

"बाराशे द्या. बाकीची बाजारातून आणतो. ती अर्धी मरतात, पण काय करणार." तो काकांकडे वळला. "काकांनी पाणी पोचवलं, आक्कांनी रोपं दिली. एकाच घरात सगळं आहे आमचं."

काकांनी ट्रे उचलायला घेतले. आक्का एकेक पुढे सरकवत होती, काका सायकलपाशी नेऊन क्रेटमध्ये ठेवत होते. देताना ती त्याला सांगत होती. रोप संध्याकाळी लाव, उन्हात नको. देठ दोन बोटं मातीत जाऊ दे. पहिल्या पाळीआधी आळ्यातलं तण काढ. तो मान डोलवत होता. हे सगळं त्याने आधी ऐकलेलं होतं, तरीही ऐकत होता.

"पुढच्या वर्षी चार हजार लागतील," तो म्हणाला. "आत्तापासून सांगून ठेवतोय. दुसऱ्या कुणाला देऊन टाकू नका."

आक्काने शेवटचा ट्रे त्याच्या हातात दिला.

"नाही देत," ती म्हणाली.

तो गेला. चढावर उतरून सायकल हाताने ढकलत, दर चार पावलांना मागे वळून रोपं नीट आहेत ना बघत. मागचे वाफे रिकामे होते. मातीत ट्रेच्या बुडांचे चौकोन उमटलेले होते. आक्काने झारी उचलली. तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं. ते तिने दाराशेजारच्या कुंडीत ओतलं आणि झारी पडवीत खुंटीला टांगली.

काकांनी दोर खांद्यावर टाकला. तो आता त्यांच्या हाताला सवयीचा झाला होता, फावड्यासारखा.

"येतो आक्का."

"गुरुवारी ये," ती म्हणाली. "दोर नको आणूस."